भयाची गोडी

मुलाच्या हातीं मोबाइल दिसला कीं घरांतील वडील मंडळी विचारतात, "काय पाहतोस?" आणि उत्तर "भुताचा सिनेमा" असें आलें कीं पुढचा प्रश्न येत नाहीं, मोबाइलच जातो. भयपट, दूरचित्रवाणीवरील गूढ मालिका आणि आंतरजालावर खेळावयाचे सुपरहिरोंचे खेळ ह्या तीन गोष्टींचा छंद असलेला मुलगा वाया गेला असें समजण्याचा प्रघात आहे. आम्ही स्वतः ह्या छंदांतलेच आहों. तेव्हां आमचें मत पक्षपाती आहे असें कोणी म्हटल्यास आमची तक्रार नाहीं. मात्र त्यानें आमचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें.

येडशीच्या माणसास भयाची गोडी बाहेरून शिकावी लागत नाहीं. सोलापूर–धुळें महामार्गावरील ह्या गांवाशेजारींच रामलिंगचा घाट व त्याचें रान आहे. त्या रानास १९९७ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. शब्द मोठा गमतीचा आहे. प्राण्यांना तेथें अभय असेल. रात्रीं पायीं जाणाऱ्या माणसाला तें कोणी दिलेलें नाहीं! रामलिंगाच्या देवालयाशीं जटायूची कथा जोडलेली आहे. सीतेस घेऊन जाणाऱ्या रावणास जटायूनें येथें अडविलें व पंख तुटून तो येथेंच पडला, असें लोक सांगतात. हीच कथा नाशिक जिल्ह्यांत टाकेदला, आंध्रांत लेपाक्षीला आणि केरळांतही सांगतात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यावरून भांडण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, शत्रु बलाढ्य, आपण वृद्ध, पराजय ठरलेला, तरीही जो आडवा जातो, अशा वीराची गोष्ट ऐकण्याची हौस अमेरिकेंत १९३८ सालीं सुपरमॅन जन्मला तेव्हां सुरू झालेली नव्हे. त्याच्या आधीं दोन वर्षें, १९३६ मध्यें, तिकडे फँटम नांवाचा बुरखेधारी वीर निघाला. इंद्रजाल कॉमिक्सच्या मालेनें १९६४ पासून त्यास भारतांत घरोघर नेलें, आणि मराठींत त्याचें नांव झालें वेताळ! दुर्बळांच्या कैवाऱ्यास भुतांच्या राजाचें नांव देतांना आपल्या लोकांस कांहीं वावगें वाटलें नाहीं. भय आणि पराक्रम हे आपल्याकडे एकाच ओसरीवर बसत आले आहेत.

रानांतील भुतांपैकीं चकव्याची गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. रात्रीं माणूस वाट चुकतो, चालून चालून पाय मोडतात आणि पहाट होते तेव्हां तो निघाल्या जागीं परत आलेला असतो. त्यास चकवा लागला असें म्हणतात. ह्या गोष्टी सांगणारे सगळेच थापाडे नसतात. २००९ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं कांहीं माणसांना घनदाट जंगलांत व सहारा वाळवंटांत सरळ चालावयास सांगितलें आणि त्यांचा मार्ग यंत्रानें नोंदला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोंपर्यंत तीं बऱ्यापैकीं सरळ गेलीं. ढग आले, चंद्र दिसेनासा झाला, कीं तीं वळूं लागलीं, आणि कित्येकांनीं आपलीच वाट पुन्हां ओलांडली. ओलांडली हें त्यांना कळलेंही नाहीं! म्हणजे चकवा खरा आहे; तो झाडावर नसून आपल्या डोक्यांत आहे. एखादी भुताची गोष्ट अशी उकलली म्हणजे तिची गोडी जाते असें पुष्कळांस वाटतें. आमची तर वाढली.

आतां भयपटाकडे वळूं. भय वाटतें तेव्हां शरीरांत काय घडतें? मेंदूंत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. धोक्याची चाहूल त्यास लागतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तांत येतें, छाती धडधडते, तळहातांस घाम सुटतो. समोरचा वाघ कापडावरचा आहे हें विचारी मनास माहीत असतें. पण शरीराला ती बातमी जरा उशिरा पोंचते. त्या दोहोंमधील क्षणभराच्या अंतरांत भयपटाचा सारा धंदा चालतो. शरीर पळावयास निघालेलें आणि मन खुर्चीवर सुखरूप बसलेलें, ह्या विसंगतीलाच गोडी म्हणतात. म्हणूनच भयपटगृहांत किंकाळीच्या पाठोपाठ हंशा पिकतो.

हें भय घडविणाऱ्या कारागिरांचे हात पाहण्याजोगे असतात. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’ ह्या चित्रपटांत न्हाणीघरांतील खुनाचा प्रसंग जगांत गाजला. त्यांत रक्त म्हणून वापरला तो चॉकलेटचा पाक होता! चित्र काळेंपांढरें असल्यामुळें तो चालून गेला. प्रेक्षकांच्या अंगावर कांटा आणणारें पातें नव्हे, तर व्हायोलिनांचें कर्कश वादन आहे. आपल्याकडे १९१७ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘लंकादहना’ंत मारुतीस आकाशांतून उडविलें, तेव्हां प्रेक्षक हात जोडीत. तीही छायाचित्रणाचीच करामत होती. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ ह्या चित्रपटांतील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये ह्या शब्दभ्रमकारानें घडविला, आणि त्यास पाहून एक अख्खी पिढी पलंगाखालीं वाकून पाहूं लागली. मुलें घाबरलीं, हंसलीं, आणि पुन्हां तोच चित्रपट लावून बसलीं.

ह्या सर्वांत आमच्या मतें सरस चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. तो १२ ऑक्टोबर १९१८ च्या सुमाराचा काळ दाखवीत सुरू होतो असें कोणी सांगेल तर त्यानें सनांची गल्लत केली. चित्रपट लागला १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं आणि कथा सुरू होते १९१८ सालीं. नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीवरून सुचलेलें, बीज नारायण धारप यांच्या कथेंतलें. चित्रपट पुरा व्हावयास सुमारें सहा वर्षें लागलीं, कारण पाऊस खराच हवा होता. आणि इतकें करून त्यांतील भूत कोण? हस्तर नांवाचा हांवरा देव, ज्याच्या कंबरेची मोहोर चोरावयास माणसें पिढ्यान्‌पिढ्या विहिरींत उतरतात. भय वाटतें तें हस्तराचें कमी आणि मोहोर मोजणाऱ्या बापाचें अधिक. प्रथम लागला तेव्हां त्यास बेताचाच प्रेक्षक मिळाला. २०२४ सालीं पुन्हां लावला तेव्हां गर्दी झाली. चांगल्या भयकथेस कधीं कधीं दोनदां जन्म घ्यावा लागतो.

धारपांचें नांव आलें तें बरें झालें. नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं शंभराहून अधिक पुस्तकें लिहिलीं, आणि वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांचीं मुखपृष्ठें फाटलेलीं असत, ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें? त्यांचा ‘समर्थ’ हा नायक दुष्ट शक्तींशीं झुंजतो. इंग्रजी कथांचा ठसा त्यांच्या लेखनावर होता, हें सांगितलेंच पाहिजे. परंतु ती भीति त्यांनीं आपल्या वाड्यांत, आपल्या माजघरांत आणून बसविली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची रीत निराळी. त्यांच्या गूढकथांत भूत क्वचितच दिसतें. शेजारचा सभ्य गृहस्थच हळूहळू भयानक होत जातो. ‘गहिरे पाणी’ ह्या नांवानें त्यांच्या कथा दूरचित्रवाणीवर आल्या. ह्याच लेखकानें मुलांसाठीं ‘अलबत्या गलबत्या’ हें नाटक लिहिलें, ज्यांतील चिंची चेटकिणीस पाहून मुलें किंचाळतात आणि तिची फजिती झाली कीं टाळ्या पिटतात. मुलास भीति दाखवूं नये असें म्हणणाऱ्या पालकांनीं त्या नाटकास एकदां जावें व रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावें.

दूरचित्रवाणीविषयीं थोडकेंच लिहितों. १९८५ सालीं ‘विक्रम और बेताल’ आली, १९९५ पासून ‘आहट’, १९९७ सालीं ‘शक्तिमान’. ‘शक्तिमान’ पाहून गरगर फिरलेलीं मुलें आज स्वतः पालक झालीं आहेत, आणि आपल्या मुलांचा मोबाइल तीच काढून घेतात! मराठींत २०१६ सालीं ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांतील वाड्यांत ती चित्रित झाली. तिच्यामुळें कोंकणची बदनामी होते व अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप निघाले. पहिला आक्षेप आम्हांस फारसा पटत नाहीं. दुसरा मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि आपल्या मराठवाड्यांत तर मुळींच नाहीं.

कारण आपल्याकडे भानामती आहे. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मग गांव जमतें, देवऋषी येतो, आणि ‘हें कोणी केलें’ ह्याचा शोध सुरू होतो. त्या शोधाचें बोट बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे, गरिबाकडे, किंवा ज्याच्याशीं बांधाचें भांडण आहे अशा भावकीकडे वळतें. येथें किंकाळीनंतर हंशा पिकत नाहीं. माणसें वाळींत पडतात, मार खातात, जिवासही मुकतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी अशा घरीं जाऊन शांतपणें चौकशी करीत. दगडामागें माणसाचा हात सांपडे, आणि पुष्कळदां तो घरांतल्याच एखाद्या गांजलेल्या, कोणी ऐकून न घेतलेल्या जिवाचा असे. त्यास शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज असे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ति करणी करते असें सांगून तिला छळणें, किंवा साप चावलेल्या माणसास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र घालीत बसणें, हा आतां गुन्हा आहे.

तेव्हां पालकांचा खरा प्रश्न, ‘मुलगा भुताचे चित्रपट पाहतो काय?’ हा नसावा. ‘पाहून झाल्यावर तो कोणावर संशय घेतो काय?’ हा असावा. आमचा अनुभव असा कीं, पक्का भयपटवेडा मुलगा सहसा भोंदूस फसत नाहीं. रक्त कशाचें केलें, सावली कोठून पाडली, दार कोणी ओढलें, हें शोधण्याची त्यास संवय लागलेली असते. देवऋष्याच्या हातांतून कुंकू निघालें कीं तो त्याच्या बाहीकडे पाहतो. घाबरतो तो कोवळा मुलगा, ज्यास मोठ्यांनीं ‘हें सारें खरेंच असतें हो’ असें सांगून झोपविलें आहे. लहान वयाच्या मुलास रात्रीं झोप न लागणें, एकट्यानें अंगणांत जाण्यास नकार देणें, अशीं लक्षणें दिसल्यास मात्र चित्रपट बंद करावा. तेथें वाद घालूं नये.

राहिले खेळ. आंतरजालावरील सुपरहिरोंच्या खेळांत ‘सिटी ऑफ हीरोज’ ह्याची हकीकत नमुनेदार आहे. २००४ सालीं निघालेल्या ह्या खेळांत दुसऱ्याचा वीर उसना घ्यावयाचा नव्हता. अंगरखा, शक्ति, नांव, पूर्वचरित्र, सारें खेळणाऱ्यानें स्वतः रचावयाचें, आणि अनोळखी लोकांबरोबर मिळून नगराचें रक्षण करावयाचें. ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं चालकांनीं तो बंद केला. तथापि खेळाडूंनीं तो सोडला नाहीं. पुढें त्यांनीं स्वतः तो पुन्हां उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्यें मूळ मालक कंपनीनें त्यांच्या एका मंडळास रीतसर परवानगी दिली. बंद पडलेलें वाचनालय गांवकऱ्यांनीं पुन्हां उघडावें, तसाच हा प्रकार झाला.

सर्वच खेळ इतके भले नसतात. पुष्कळ खेळांत एक बंद पेटी विकत मिळते. आंत काय निघेल हें पैसे देईपर्यंत कळत नाहीं. नांव कांहींही असो, ती सोडतच होय. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें बंदी घातली आहे. पण ह्या पेट्या घरच्या मोबाइलला जोडलेल्या बँकेच्या खात्यांतून गुपचूप पैसे नेतात. तेव्हां खेळ कोणता हें विचारण्याआधीं खात्याचा गुप्त अंक मुलाला ठाऊक आहे काय, हें पाहिलेलें बरें.

विद्यार्थ्यांसाठीं ह्या सुटींत दोन कामें सुचवितों. एखाद्या भयपटांतील सर्वांत भयंकर प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावा, मग डोळे मिटून नुसता ऐकावा, आणि भीति कोठें होती तें लिहून काढावें. दुसरें काम आजीकडे बसून करावयाचें. तिला भुतांचीं नांवें विचारावीं व प्रत्येकापुढें तें कोण होतें हें टिपावें: मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीं मेलेला मुलगा, त्याचा वास पिंपळावर, जखीण ही मेलेली बाई, समंध म्हणजे धनावर वासना ठेवून गेलेला, गिऱ्हा पाण्यांतला, पोहणाऱ्यास ओढणारा. नांव, झाड किंवा जागा, मरणाचें कारण, असे तीन रकाने आंखले म्हणजे झालें. तिसऱ्या रकान्यांत काय काय भरतें तें पाहावें, आणि वही शाळा उघडल्यावर आम्हांस दाखवावी.