आकडा, सही आणि झिजणारा ठसा

मूळ चित्र म्हणजे एकमेव चित्र ही समजूत चित्रकलेच्या सर्व प्रकारांना लागू पडत नाही, आणि बेताच्या पैशांत चित्र घेऊ पाहणाऱ्याची फसगत बहुधा याच समजुतीच्या आडोशाने होते. तैलचित्र एकच असते. परंतु मुद्राचित्र, म्हणजे चित्रकाराने लाकूड, लिनोलियम, धातूचा पत्रा किंवा दगड यांवर घडवलेल्या ठशावरून कागदावर उतरवलेले चित्र, अनेक प्रतींत असूनही त्याची प्रत्येक प्रत मूळच मानली जाते, कारण ती दुसऱ्या कोणत्या चित्राची नक्कल नसते आणि कागदावर उमटेपर्यंत ते चित्र पुरे झालेलेच नसते. एका कामाचे मोल अनेक प्रतींत वाटले जात असल्यामुळे, ज्याला मोठा कॅनव्हास परवडत नाही त्यालाही एखाद्या जाणत्या चित्रकाराचे अस्सल काम या वाटेने घरी आणता येते.

अशा चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ७/२५ असा आकडा लिहिलेला असतो, त्याचा अर्थ एकूण पंचवीस प्रतींपैकी ही सातवी असा होतो. या आकड्याचे मूळ ठशाच्या झिजण्यात आहे. ड्रायपॉइंट या प्रकारात तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार सुईने रेषा ओरखडली जाते, ओरखड्याच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उठतो, तो शाई धरून ठेवतो आणि त्यामुळे रेषेला मखमली मऊपणा येतो. परंतु प्रेसच्या दाबाखाली हा कंगोरा थोड्याच छापांत दबून जातो. म्हणून चित्रकार प्रतींची संख्या आधी ठरवतो, आणि ती पुरी झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करण्याची प्रथा आहे.

हे ज्ञान प्रस्तुत लेखकाला खरेदीनंतर झाले. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून त्याने नदीघाटाचे एक कृष्णधवल ‘एचिंग’, म्हणजे पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या रेषांवरून छापलेले चित्र, नऊ हजार रुपयांना घेतले, त्यावर चित्रकाराची सही होती, १२/१०० हा आकडा होता आणि कागदही जाड, हातकागदासारखा होता. पुढे काच बदलण्यासाठी ते उघडले गेले, तेव्हा फ्रेम करणाऱ्या कारागिराने नावेच्या काळ्या रेषेवर भिंग धरले आणि ती रेषा निळ्या, गुलाबी व पिवळ्या ठिपक्यांत विखुरलेली दिसली. एचिंगमध्ये ती एका शाईची अखंड रेषा असायला हवी होती. संगणकावरील प्रतिमेवरून इंकजेट यंत्राने काढलेली ती छपाई होती. सही खरीच होती, पण ज्या कागदावर ती होती तो कागद कोणत्याही ठशाखालून गेलेला नव्हता. बिलावर केवळ ‘चित्र, १ नग’ एवढेच लिहिलेले असल्याने तक्रारीला आधार उरला नाही. संगणकातील फाइल झिजत नाही, ती हवी तितक्या वेळा आणि हव्या त्या आकारात छापता येते, म्हणून अशा छपाईवरचा आकडा हे केवळ विक्रेत्याचे किंवा चित्रकाराचे वचन असते.

यावरून खरेदीदाराने काही गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे चित्र फ्रेममधून बाहेर काढून, तिरप्या उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहणे. एचिंगच्या भोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो आणि शाई किंचित उठावदार असते; हाताने घासून छापलेल्या वुडकटची खूण अनेकदा कागदाच्या पाठीवरही दिसते; शिलामुद्रणात, म्हणजे दगडावरच्या छपाईत, असा दाब नसतो, पण ठिपक्यांच्या आखीव जाळीऐवजी खडूसारखा अनियमित रवा असतो. पत्र्याच्या कडेचा दाब नकली उमटवता येतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. जुन्या बाजारात याच भिंगाची गरज अधिक भासते, कारण १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रे मुळात दगडावरून छापलेली आहेत, आणि त्यांच्या अलीकडच्या ऑफसेट नकलाही जुन्या फ्रेममध्ये बसवून विकल्या जातात.

दुसरी गोष्ट बिलाची. त्यावर चित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि प्रतीचा क्रमांक लिहून घ्यावा. ‘प्रिंट’ हा मोघम शब्द न स्वीकारता ‘तांब्याच्या पत्र्यावरील एचिंग’ इतका स्पष्ट उल्लेख मागावा, आणि विक्रेता तो लिहून देण्यास कचरत असेल तर त्या कचरण्यातच उत्तर आहे असे समजावे. तयार चित्र विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट मिळत नाही हेही ध्यानात असावे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखी हस्तांतर नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो.

तिसरी गोष्ट पैशांच्या विभागणीची. चांगल्या फ्रेमचा खर्च लहान चित्राच्या किमतीइतकाही होऊ शकतो, म्हणून तो आधीच बाजूला ठेवावा; कोकणासारख्या दमट प्रदेशात आम्लरहित माउंट, काच व कागद यांत अंतर आणि ओल न येणारी भिंत या तीन गोष्टी नसतील, तर एकदोन पावसाळ्यांतच कागदावर तपकिरी ठिपके आणि बुरशी धरू शकते.

राहता राहिला प्रश्न चित्र शोधायचे कोठे याचा. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शने, बॉम्बे आर्ट सोसायटीचे प्रदर्शन आणि काळा घोडा येथील जहांगीर कलादालन व त्याबाहेरचा पदपथ ही बेताच्या पैशांतल्या खरेदीसाठी उत्तम ठिकाणे आहेत, कारण तेथे चित्रकार बहुधा स्वतः भेटतो. त्याला ठसा दाखवण्याची विनंती करावी. ज्याने पत्रा स्वतः कोरला आहे त्याला ही विनंती अपमानास्पद वाटत नाही, उलट कोणती रेषा कितव्या छापेनंतर बोथट झाली हे तो आपुलकीने सांगू लागतो, आणि ते ऐकून घेतलेल्या चित्रावरचा आकडा मग भिंतीवर रोज खरा वाटतो.