एकाच कोपऱ्यातले तारे लांबट का?

प्रश्न : माझी २०० मिमी, एफ/५ न्यूटोनियन दुर्बीण आहे. लेझरने आरसे जुळवूनही फोटोच्या एकाच कोपऱ्यात तारे लांबट येतात. काय बिघडलं असेल?

उत्तर : चारही कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना बाहेरच्या दिशेने शेपट्या फुटत असतील, तर तो कोमा. एफ/५ च्या परवलयी आरशात तो असणारच. त्यावर कोमा करेक्टर हाच उपाय. तुमचा मात्र एकच कोपरा बिघडतोय, म्हणजे कुठेतरी तिरकेपणा आहे.

आधी लेझरच तपासा. फोकसरमध्ये तो हलकेच गोल फिरवा. मुख्य आरशावरचा ठिपका वर्तुळ काढू लागला, तर लेझरच वाकडा. तो नीट असेल, तर दुय्यम आरशाच्या स्क्रूंनी ठिपका मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर आणा. नंतर मुख्य आरशाच्या स्क्रूंनी परतणारा किरण लेझरच्या छिद्रात बसवा.

मग कॅमेरा करेक्टरसकट १८० अंश फिरवून फोटो घ्या. फोटोतला तोच कोपरा खराब राहिला, तर सेन्सर, अडॅप्टर किंवा करेक्टर तिरका. दोष समोरच्या कोपऱ्यात गेला, तर फोकसर किंवा आरसे बघा.

लेझर लावून दुर्बीण उभ्याची आडवी करा. ठिपका सरकला, तर आरशाच्या बैठकीत किंवा फोकसरमध्ये ढिलाई आहे. पण ती काढताना मुख्य आरशाच्या क्लिपा काचेवर आवळू नका. मध्ये कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी, नाहीतर तारे तिकोनी दिसू लागतील.