जिप्सी सहांची, मटण कोणाचं?

प्रश्न : आम्ही सहा मित्र नागझिऱ्याला निघालोय. परतताना साकोलीत सावजी जेवण ठरलंय. दोघं शाकाहारी, दोघं ‘घेणारे’. मागच्या सहलीत बिल सरसकट वाटलं, तर एक जण महिनाभर फुगून होता. काय करावं? – एक वाचक, गोंदिया

उत्तर : जिप्सी आणि गाईडचे पैसे गाडीमागे लागतात, माणसामागे नाही. तिथं सरळ सहा वाटे. वाघ दिसला नाही म्हणून कोणाचा वाटा कमी होत नाही! गाईड-चालकाची बक्षिसीही त्यातच धरा.

जेवणाचं गणित निराळं. वरण-भाजी खाणाऱ्यानं मटणाचे पैसे का भरावेत? फरक पन्नास-शंभराचा असेल तर मात्र सोडून द्या. भाकऱ्या मोजत बसणं मला कोतेपणाचं वाटतं. दारूचं बिल वेगळंच मागा. तिच्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो; साध्या हॉटेलातल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी. सेवाशुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही हेच सांगितलं.

हे सारं ऑर्डर देण्याआधी बोला. बिल टेबलावर आल्यावर ‘टीटीएमएम’ची आठवण होणं, हा खरा उद्धटपणा. एखाद्याची नोकरी सुटली असेल आणि त्याचा वाटा उचलायचा असेल, तर काउंटरवर गुपचूप उचला. बाकीच्यांनी भरणाऱ्याला तिथंच यूपीआय करावं. जंगलालगत नेटवर्क बेभरवशाचं असतं, तेव्हा खिशात थोडी रोकड असू द्या.