स्मारकांची नोंदवही

इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएन-त्संग नावाचा चिनी भिक्षू बौद्ध तीर्थांच्या दर्शनासाठी व धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी भारतात आला. तो जेथे जेथे गेला तेथील नगरे, स्तूप व विहार यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. इतकेच नव्हे, तर एका ठिकाणाहून दुसरे ठिकाण कोणत्या दिशेला व किती अंतरावर आहे, हेही त्याने टिपले. पुढे काळ पालटला. नगरे ओस पडली, विहार मातीखाली गडप झाले आणि कित्येकांची नावेही लोक विसरले.

अशी सुमारे बाराशे वर्षे लोटली. १८६१ साली सरकारने प्राचीन स्थळांची पाहणी करण्यासाठी अलेक्झांडर कनिंगहॅम यांची नेमणूक केली. ते पूर्वी लष्करात अभियंता होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या खात्याचा आरंभ येथूनच झाला. कनिंगहॅम यांनी ह्युएन-त्संगाच्या प्रवासवर्णनाचा आधार घेतला आणि त्यातील दिशा व अंतरे ताडून पाहत ते गावोगाव हिंडले. आजच्या उत्तर प्रदेशातील साहेत-माहेत येथील टेकाडे म्हणजेच भगवान बुद्धांच्या वास्तव्याने पावन झालेली श्रावस्ती, हे त्यांनी अशाच प्रकारे ओळखले. नगरी मातीत गेली होती, पण तिची नोंद उरली होती. म्हणून ती पुन्हा सापडली.

आज आपल्या देशात ही नोंद ठेवण्याचे काम शासन करते. त्यासाठी १९५८ साली कायदा झाला. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरवावयाची असल्यास केंद्र शासन प्रथम आपला तसा मानस राजपत्रात प्रसिद्ध करते. त्या सूचनेची एक प्रत वास्तूजवळ, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी लावली जाते. कोणाची हरकत असल्यास त्याला दोन महिन्यांची मुदत मिळते. हरकतींचा विचार झाल्यावर ती वास्तू संरक्षित म्हणून जाहीर होते. मग तिची नासधूस करणे हा गुन्हा ठरतो. अजिंठ्याची लेणी, रायगड यांसारखी स्थळे या यादीत आहेत. २०२३ साली यादीतील स्मारकांची संख्या ३,६९३ होती.

परंतु वहीत नाव लिहिले म्हणजे वास्तू सुरक्षित झाली, असे नव्हे. मोगल काळी राजमार्गावर कोसाकोसाच्या अंतरावर विटांचे भक्कम मिनार बांधीत. वाटसरूंना मार्ग व अंतर कळावे, हा त्यांचा हेतू. असे काही कोसमिनार आजही उभे आहेत. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातच आहे. हरयाणातील मुजेसर गावचा कोसमिनार मात्र नाहीसा झाला. वाटसरूंना वाट दाखविणारा मिनार स्वतःच हरवला! त्याचे नाव यादीत होते, पण जागेवर मिनार नव्हता.

ही गोष्ट उघडकीस आली ती तपासणीमुळे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक शासनाच्या कारभाराची व हिशेबांची तपासणी करतात. त्यांच्या तपासनिसांनी १,६५५ स्मारके प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिली. त्यांपैकी ९२ स्मारके सापडली नाहीत, असे त्यांनी २०१३ साली कळविले. मग पुरातत्त्व खात्याने शोध सुरू केला. जुने कागद चाळून व गावोगाव फिरून ४२ स्मारकांचा पत्ता लागला. उरलेल्या ५० पैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. अखेर मार्च २०२४ मध्ये मुजेसरच्या मिनारासह १८ स्मारके यादीतून वगळण्याची अधिसूचना निघाली.

यावरून चांगली नोंद कशी असावी, ते समजते. वास्तूचे नाव व गाव एवढेच लिहून भागत नाही. तिची नेमकी जागा, चतुःसीमा, मोजमापे, नकाशा व छायाचित्रे ही सर्व नोंदीत हवीत. तसेच वेळोवेळी जागेवर जाऊन नोंद पडताळून पाहिली पाहिजे. संसदेच्या एका समितीस असे आढळले, की केवळ २४८ ठिकाणीच पहारेकरी नेमता आले होते. प्रत्येक दगडापाशी पहारा बसविणे शक्य नसते. तेथे दक्ष गावकरी हाच खरा पहारेकरी होय.

एका परक्या प्रवाशाने नीट लिहून ठेवले, म्हणून हरवलेली नगरी बाराशे वर्षांनी सापडली. कोणी फिरकून पाहिले नाही, तर यादीतला मिनारही हरवतो. नोंद आणि निगा या दोन्ही मिळूनच पूर्वजांचा ठेवा राखतात.

शब्दार्थ
राजपत्र – शासनाचे आदेश प्रसिद्ध होणारे अधिकृत पत्र
चतुःसीमा – चारही बाजूंच्या हद्दी
निगा – काळजीपूर्वक राखण

अभ्यास
१. श्रावस्तीचा शोध कसा लागला?
२. ‘वाट दाखविणारा मिनार स्वतःच हरवला’ असे का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूची जागा, दिशा, मोजमापे व सद्यःस्थिती लिहून नोंद तयार करा.