मांजराच्या पोटांतील केसांचा गोळा

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता सातवींतील एका विद्यार्थ्यानें वर्ग सुटल्यावर मला विचारलें, "सर, आमच्या मांजरानें काल केसांची सुरळी ओकून टाकली. आजी म्हणते, त्यानें उंदीर खाल्ला असेल. खरें काय?" त्याला दिलेलें उत्तर येथें जरा विस्तारानें देतों.

मांजरानें तुमचा हात कधीं चाटला असेल, तर त्याची जीभ कानशीसारखी खरखरीत लागते हें तुम्हांस ठाऊक असेलच. जिभेवरील बारीक कांटे हें त्याचें कारण. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असून त्यांचीं टोंकें घशाकडे वळलेलीं असतात. अमेरिकेंतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू ह्या संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, हीं टोंकें पन्हळीसारखीं पोकळ असतात. त्यांत लाळ चढते व ती केसांच्या दाटींतून कातडीपर्यंत पोंचते. फणी आणि पाणी हीं दोन्ही निर्माणकर्त्यानें ह्या लहानशा प्राण्यास एकाच अवयवांत दिलीं आहेत! परंतु कांटे मागें वळलेले असल्यामुळें त्यांत अडकलेला केस थुंकून टाकणें मांजरास कठीण जातें. तो पोटांतच जातो.

गिळलेले बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. केस पचत मात्र नाहींत. जे जठरांत मागें राहतात ते एकमेकांत गुंतून त्यांचा नमद्यासारखा लगदा होतो. तो अरुंद अन्ननलिकेंतून उलटून पडतो, म्हणून गोळा म्हणावयाचा तो बहुधा सुरळीच्या आकाराचा दिसतो. आजीबाईंचा उंदीर बिचारा निरपराध होता.

लांब केसांच्या पर्शियन मांजरांस हा त्रास अधिक. फणींत जो केस येतो तो पोटांत जात नाहीं, म्हणून विंचरणें हाच मुख्य उपाय. लांब केसांच्या मांजरास रोज, आंखूड केसांच्यास आठवड्यांतून एकदोनदां, केसांच्या वळणानें हलक्या हातानें विंचरावें. ताजें पाणी नेहमीं जवळ असावें. दूध हें त्याच्या ऐवजीं नव्हे; पुष्कळ मोठ्या मांजरांस तें पचत नाहीं व ढाळ लागतात. मांजर एकसारखें अंग चाटत असेल तर पिसवा झाल्या आहेत काय तें पाहावें; पण कुत्र्यांसाठीं असलेलें पिसवांचें औषध त्यास कदापि लावूं नये. त्यांपैकीं कित्येकांत परमेथ्रिन असतें, व तें मांजरास विषच होय. घशांत बळेंच तेल ओतणेंही वाईट. तें श्वासनलिकेंत उतरलें तर फुप्फुसांस दाह होतो.

क्वचित् एकादी सुरळी पडली आणि मांजर पुन्हां जेवूं खेळूं लागलें, तर भिण्याचें कारण नाहीं. तें मान लांबवून, अंग जमिनीशीं दाबून वारंवार ढांसतें व कांहींच पडत नाहीं, असें असेल तर तो दमाही असूं शकतो. आणि उमासे येत राहून अन्न सुटलें, शौचास होईनासें झालें, मांजर कोपऱ्यांत निपचित पडूं लागलें, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

हें मीं अनुभवानें लिहीत आहें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या मांजरीस असेंच उमासे येऊं लागले. "केसांचाच गोळा, उद्यां पडेल," असें म्हणून मीं दोन दिवस घालविले. गोळा केसांचाच होता. पण तो जठरांतून पुढें सरकून आंतड्यांत अडकला होता. तिसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली, पण तोंवर तिच्या अंगीं त्राण उरलें नव्हतें. माझ्या धाकट्या मुलीनें मला एकच प्रश्न विचारला, "पहिल्याच दिवशीं कां नाहीं नेलें?"

त्या विद्यार्थ्याच्या घरीं आतां एक जुनी फणी मांजरासाठीं वेगळी ठेवली आहे. दुपारीं ओटीवर बसून आजीच तें विंचरण्याचें काम करतात, असें तो सांगतो.