अपवादांमागील नियम : स्वाहिली क्रियापदाची घडण

कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या बांटू कुळात शेकडो भाषांचा समावेश होतो. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली ही त्यांपैकी एक. तिच्या क्रियापदात कर्ता, काळ व कर्म दर्शविणारे घटक ठरावीक क्रमाने धातूपूर्वी जोडले जातात. 'अ-ना-सोमा' म्हणजे 'तो (किंवा ती) वाचत आहे'. येथे 'अ' कर्तृवाचक, 'ना' काळवाचक आणि 'सोमा' हा धातू होय.

या नियमानुसार 'ला' (खाणे) या धातूचे रूप 'अनाला' असे व्हावयास हवे; प्रत्यक्षात ते 'अनाकुला' असे होते. जुन्या पद्धतीचे पाठ्यपुस्तक याची नोंद 'अपवाद' म्हणून करील आणि विद्यार्थी तो मुखोद्गत करील. परंतु कारण आघातात आहे. स्वाहिलीत आघात उपान्त्य अक्षरावर पडतो. एकाक्षरी धातूपूर्वी तो 'ना'वर आला असता. मात्र 'ना' आघात पेलू शकत नाही. म्हणून क्रियार्थक नामाचा 'कु' मध्ये राहून तो भार वाहतो. याला पुरावाही आहे. 'अनाम्ला' (तो त्याला खात आहे) या रूपात कर्मवाचक 'म्' आघात घेतो व 'कु' लुप्त होतो. 'अकिला' (त्याने खाल्ले तर) यातील 'कि' स्वतः आघातक्षम असल्यामुळे तेथेही 'कु' लागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या अनियमिततेचे मूळ इतिहासात आहे. वर्तमानकाळी नकारात धातूच्या अंती असलेल्या 'आ'चा 'इ' होतो : 'सिसोमी', म्हणजे 'मी वाचत नाही'. अरबीतून आलेला 'जिबु' (उत्तर देणे) मात्र 'सिजिबु' असा अविकृत राहतो, कारण त्याच्या अंती 'आ' नाहीच. मराठीतील 'जबाब' हा शब्दही त्याच अरबी मूळाचा आहे.

उरतात ती काही खरीखुरी अनियमित रूपे. 'जा' (येणे) या धातूचे आज्ञार्थी रूप 'न्जो' असे होते. मराठीत 'जाणे' व 'येणे' यांची भूतकाळी रूपे 'गेला' व 'आला' अशी होतात, हे येथे आठवावे. नित्य वापरातील शब्द बालपणीच कानांत इतके रुजतात की नियमाचा रेटा त्यांना सहसा बदलू शकत नाही.

अशा रीतीने अपवादांची लांबलचक यादी अगदी लहान होते. अभ्यासकाने रूप पाठ करण्यापूर्वी आघात आणि शब्दाचा उगम तपासावा, हे श्रेयस्कर.