पहिल्या दिवसाचे तीन मैल

प्रस्तावना

'दूरचा प्रवास' म्हटले की उंच पर्वत, विस्तीर्ण वाळवंटे, पूर आलेल्या नद्या आणि त्यांवर मात करणारा धाडसी प्रवासी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रवासवर्णनांतही बहुधा अशाच प्रसंगांना अधिक जागा मिळते. प्रवासाचा पहिला दिवस मात्र एखाद्या वाक्यात संपतो. खरे तर निघण्याचा निर्णय त्याच दिवशी प्रत्यक्षात उतरलेला असतो. प्रस्तुत पाठात मोटरसायकलवरून एकट्याने अमेरिका खंड ओलांडणाऱ्या एका तरुणाच्या पहिल्या दिवसाची ओळख करून दिली आहे. हा दिवस इतका साधा आहे की त्याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. ते समजून घेणे हाच या पाठाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• जॉर्ज वायमनच्या प्रवासाच्या पहिल्या दिवसाची माहिती सांगू शकाल;
• १९०३ मधील वाहन, रस्ते आणि इंधन यांची स्थिती स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या कार्याच्या प्रारंभाचे महत्त्व उदाहरणासह सांगू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१)
१६ मे १९०३. शनिवारची दुपार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरात स्वच्छ ऊन पडले होते. मार्केट स्ट्रीट आणि कर्नी स्ट्रीट हे दोन रस्ते जेथे मिळतात, तेथे 'लोटाचे कारंजे' नावाचे एक प्रसिद्ध कारंजे आहे. लोटा क्रॅबट्री या अभिनेत्रीने ते १८७५ मध्ये शहराला भेट दिले. या कारंज्यापासून दुपारी अडीच वाजता जॉर्ज ए. वायमन नावाचा तरुण सायकलपटू आपल्या मोटरसायकलवरून निघाला. त्याला पूर्व किनाऱ्यावरील न्यूयॉर्क गाठायचे होते. अंतर होते सुमारे ३,८०० मैल, म्हणजे जवळजवळ ६,१०० किलोमीटर. सोबतीला कोणी नव्हते.

ही कल्पना त्याच्या मनात एकाएकी आली नव्हती. आदल्या वर्षी, १९०२ मध्ये, तो मोटरसायकलवरून सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडून नेव्हाडा राज्यातील रीनो या गावी जाऊन आला होता. त्याच प्रवासात संपूर्ण खंड ओलांडण्याच्या विचाराने मूळ धरले. पुढे पर्वत किती उंच आहे, वाळू किती खोल आहे आणि रस्ता कोठे संपतो, हे त्याने निदान काही प्रमाणात स्वतः अनुभवले होते. त्यामुळे त्याचे धाडस हे अज्ञानातून आलेले धाडस नव्हते.

(२)
वायमनचे वाहन आजच्या वाचकाला पाहायला मिळाले, तर त्याला ते मोटरसायकल म्हणून ओळखताही येणार नाही. 'कॅलिफोर्निया' या नावाची ती गाडी म्हणजे सायकलच्या सांगाड्यात बसवलेले सव्वा अश्वशक्तीचे छोटे इंजिन होते. चाकांच्या कडा लाकडी होत्या. इंजिनाची गती मागच्या चाकापर्यंत पोचवण्यासाठी चामड्याचा पट्टा होता. गाडीला पायटे होते आणि ते केवळ शोभेसाठी नव्हते. गाडी सुरू करताना आणि चढावर इंजिन थकले की पायांनीच बळ द्यावे लागे. सपाट, चांगल्या रस्त्यावर तिचा वेग ताशी सुमारे २५ मैलांपर्यंत, म्हणजे ४० किलोमीटरपर्यंत जाई. पण असा रस्ता शहराबाहेर क्वचितच सापडे.

त्या काळी पेट्रोल पंप नव्हते. इंधन मिळे ते गावातील दुकानांत, आणि पुढच्या गावात ते मिळेलच याची शाश्वती नसे. म्हणून वायमनने इंधन आणि तेल यांसाठी डबे सोबत घेतले होते. त्याखेरीज पाण्याची बाटली, हत्यारे, काही सुटे भाग, अंतर मोजण्याचे यंत्र, एक छोटा कॅमेरा आणि स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर एवढेच त्याचे सामान होते. गाडी हलकी असल्यामुळे प्रत्येक वस्तू घेताना तिच्या वजनाचा विचार करणे भाग होते.

(३)
कारंज्यापासून निघालेला वायमन शहरातील रस्त्यांवरून थेट धक्क्यावर गेला. सॅन फ्रान्सिस्को तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे आणि त्या वेळी उपसागरावर आजच्यासारखे पूल नव्हते; सुप्रसिद्ध गोल्डन गेट पूल वाहतुकीसाठी खुला झाला तो १९३७ मध्ये. साहजिकच खंड ओलांडायला निघालेल्या या मोटरसायकलस्वाराला प्रथम आपली गाडी बोटीवर चढवावी लागली. बोटीने तो उपसागराच्या उत्तरेकडील व्हॅलेहो या गावी पोचला. तेथे त्याच्या परिचयाचे एक दांपत्य नांगरलेल्या घरनौकेवर राहत असे. ती रात्र त्याने त्यांच्याकडे काढली.

प्रवासाचा पहिला दिवस असा संपला. त्या दिवशी मोटरसायकलने कापलेले अंतर होते तीन मैलांहून किंचित अधिक. एकूण प्रवासाचा तो जेमतेम बाराशेवा भाग होता. पर्वत, वाळवंट, चिखल यांपैकी काहीही त्या दिवशी वाट्याला आले नाही. 'द मोटरसायकल' या मासिकात आपला वृत्तान्त लिहिताना वायमनने प्रारंभी हेच छोटेसे अंतर नमूद केले. ते मोठे करून सांगण्याचा मोह त्याने टाळला.

(४)
दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्याने यजमानांचा निरोप घेतला आणि पूर्वेचा रस्ता धरला. पुढे सिएरा नेव्हाडाच्या माथ्यावर बर्फ आडवे आले. तेथे लोहमार्गाचे बर्फापासून रक्षण करण्यासाठी बांधलेल्या लाकडी छपरांखालून त्याला गाडी न्यावी लागली. वाळू आणि चिखल यांत चाके रुतू लागली, तेव्हा तो लोहमार्गावरील स्लीपरांवरून गाडी हाकू लागला. प्रत्येक स्लीपरागणिक बसणारा हादरा सोसत त्याने शेकडो मैल असेच पार केले. वाटेत गाडीचे भाग मोडले, पट्टे तुटले. न्यूयॉर्क सुमारे १५० मैलांवर राहिले असता इंजिनाने दगा दिला. तेव्हा उरलेले अंतर त्याने पायटे मारत कापले. ६ जुलै १९०३ रोजी तो न्यूयॉर्कला पोचला. इंजिनावर चालणाऱ्या वाहनातून अमेरिका खंड ओलांडणारा पहिला मनुष्य म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

वायमननंतर एका आठवड्याने, २३ मे रोजी, होरेशिओ नेल्सन जॅक्सन हे डॉक्टर एका साथीदारासह मोटारगाडीतून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि २६ जुलै रोजी न्यूयॉर्कला पोचले. मोटारीतून खंड ओलांडण्याचा पहिला मान त्यांना मिळाला आणि त्यांची कीर्ती टिकून राहिली. त्यांच्याआधी वीस दिवस पोचलेला एकटा स्वार मात्र दीर्घकाळ विस्मृतीत गेला.

शब्दार्थ

पायटे – सायकल चालवण्यासाठी पाय ठेवण्याची साधने, पॅडल
अश्वशक्ती – इंजिनाची शक्ती मोजण्याचे एकक
शाश्वती – खात्री
घरनौका – राहण्यासाठी घरासारखी सोय असलेली नौका
नांगरणे (येथे) – नांगर टाकून नौका एका जागी स्थिर करणे
वृत्तान्त – घडलेल्या गोष्टीची हकीकत
स्लीपर – रेल्वेच्या रुळांखाली आडव्या टाकलेल्या तुळया

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. वायमनच्या मनात खंड ओलांडण्याचा विचार केव्हा आला?
(अ) लहानपणी (आ) १९०२ च्या प्रवासात (इ) न्यूयॉर्कला असताना
२. पहिल्या दिवशी वायमनला बोटीने जावे लागले, कारण –
(अ) गाडी बिघडली होती (आ) इंधन संपले होते (इ) उपसागरावर पूल नव्हते

चला, समजून घेऊ या

पाठाच्या पहिल्या भागात प्रस्थानाचा क्षण आहे. तारीख, वेळ आणि स्थळ नेमकेपणाने दिल्यामुळे तो क्षण आपल्यासमोर स्पष्ट उभा राहतो. दुसऱ्या भागातील वाहनाच्या वर्णनाचे प्रयोजन काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. साधन किती दुबळे होते हे कळल्याशिवाय संकल्प किती मोठा होता हे कळत नाही. सव्वा अश्वशक्ती आणि ३,८०० मैल ही दोन मापे शेजारी ठेवून पाहा.

तिसरा भाग हा पाठाचा गाभा आहे. वाचकाची अपेक्षा असते की, पहिल्याच दिवशी काहीतरी रोमांचकारक घडावे. प्रत्यक्षात घडते ते असे : थोडासा रस्ता, एक बोट, मित्रांचे घर आणि झोप. परंतु या साध्या दिवसाने एक मोठा फरक पडला. दुपारी अडीचपर्यंत वायमन हा प्रवासाचा विचार करणारा माणूस होता. त्यानंतर तो प्रवासी झाला. पहिल्या दिवसाचे मोल किती मैल कापले यावरून ठरत नाही. ज्या गावात आपले सगळे काही आहे, ते गाव मागे टाकले गेले की नाही, यावरून ते ठरते.

एकट्याच्या प्रवासात ही गोष्ट अधिकच खरी असते. सोबती असला तर एकाचे मन कच खाऊ लागताच दुसरा त्याला धीर देतो. एकट्या प्रवाशाला थांबायचे की पुढे जायचे हे स्वतःच ठरवावे लागते. मित्रांच्या घरनौकेवरील उबदार रात्रीनंतर, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी वायमन निघाला, हे म्हणूनच लक्षात घेण्याजोगे आहे. निघणे ही एकदाच करण्याची कृती नसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा करावी लागते.

मुक्त विद्यालयाचे अनेक विद्यार्थी नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून, बहुधा एकट्यानेच अभ्यास करतात. पहिल्या दिवशी एखादेच पान वाचून होते. त्या एका पानाकडे पाहताना वायमनचे तीन मैल आठवावेत.

भाषा-अभ्यास

'प्रस्थान' या शब्दाचा अर्थ 'प्रवासास निघणे' असा आहे. मराठीत 'प्रस्थान ठेवणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. शुभ मुहूर्तावर प्रत्यक्ष निघणे शक्य नसेल, तर त्या वेळी आपल्या सामानातील एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवत. एवढे केले की प्रवास सुरू झाला असे मानले जाई. अंतर कितीही थोडे असले तरी प्रारंभ हा प्रारंभच, ही जाणीव या वाक्प्रचारात आहे.

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा.
• मूळ धरणे – पक्के रुजणे
• वाट्याला येणे – अनुभवास येणे, भोगावे लागणे
• दगा देणे – ऐन वेळी साथ सोडणे
• कच खाणे – माघार घेणे, धीर सोडणे

तुम्ही काय शिकलात?

• जॉर्ज वायमन १६ मे १९०३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून एकट्याने निघाला आणि ६ जुलै रोजी न्यूयॉर्कला पोचला.
• पहिल्या दिवशी त्याने मोटरसायकलने केवळ तीन मैलांहून थोडे अधिक अंतर कापले.
• पूर्वानुभव, मोजके सामान आणि निश्चय या बळावर त्याने दुबळ्या साधनाने मोठे कार्य केले.
• प्रारंभाचे महत्त्व त्याच्या आकारावर अवलंबून नसते.

पाठान्त प्रश्न

१. वायमनच्या मोटरसायकलचे वर्णन पाच-सहा वाक्यांत करा.
२. 'त्याचे धाडस हे अज्ञानातून आलेले धाडस नव्हते' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. शेवटचे सुमारे १५० मैल वायमनने पायटे मारत कापले. तरीही हा प्रवास मोटरसायकलचाच मानावा का? तुमचे मत सकारण लिहा.
४. 'दगा देणे' आणि 'कच खाणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुम्ही एकट्याने केलेल्या एखाद्या प्रवासाचा किंवा कामाचा पहिला दिवस १५० शब्दांत वर्णन करा. जे घडले तेच लिहा. ते मोठे करून सांगू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. (इ)